ज्यांना आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढाई झाली. आजच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनीची. तिथे इंग्रज जिंकले, असं आपण शाळेत शिकलो. पण त्या दिवशी कंपनीच्या बाजूने नक्की कोण लढलं, ते जरा जवळून बघू. सेनापती आर्थर वेलस्ली, जन्म आयर्लंडमधल्या डब्लिनचा. शिपाई बहुतेक मद्रासकडचे. आणि गोऱ्या पायदळाच्या दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी, दोन्ही स्कॉटलंडच्या हायलँडर पलटणी.

पुढची नावं घ्या. पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेला आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्या मागून गव्हर्नर झालेला माल्कम स्कॉटिश. साताऱ्याचा कारभार पाहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा करणारा डलहौसी, तोही स्कॉटिश. आपल्या तोंडी मात्र हे सगळे इंग्रज. आजही कुणाचा मुलगा एडिंबराला शिकायला गेला, तर घरचे सांगतात, "इंग्लंडला गेलाय." तिथल्या माणसासमोर असं म्हटलं, तर तो शांतपणे दुरुस्ती करेल: हे इंग्लंड नाही, हे स्कॉटलंड.

मग हा देश आहे तरी काय? आधी नावं सोडवून घेऊ. 'ग्रेट ब्रिटन' हे एका बेटाचं नाव. त्या बेटावर तीन राष्ट्रं: दक्षिणेला इंग्लंड, पश्चिमेला वेल्स, उत्तरेला स्कॉटलंड. शेजारी दुसरं बेट, आयर्लंड. त्याचा मोठा भाग हा स्वतंत्र देश, राजधानी डब्लिन. ईशान्येचा एक तुकडा म्हणजे उत्तर आयर्लंड. ब्रिटनचे तीन आणि हा चौथा मिळून जे राज्य होतं, त्याचं पूर्ण नाव 'युनायटेड किंगडम ऑफ ग्रेट ब्रिटन अँड नॉर्दर्न आयर्लंड'. त्यांच्या पासपोर्टवर हेच लिहिलेलं असतं. आपण बोलताना ब्रिटन किंवा यूके म्हणतो, ते याच राज्याला. आयल ऑफ मॅन, जर्सी, गर्न्झी ही छोटी बेटं राजाची असली तरी यूकेत मोडत नाहीत. त्यांना इथे बाजूला ठेवू.

एकाच राज्यात चार 'देश' कसे, हा गोंधळ मराठी माणसाला खरं तर पडायला नको. 'देशावर पाऊस झाला का?' असं कोकणातला माणूस विचारतो, तेव्हा त्याच्या मनात भारत नसतो, घाटावरचा मुलूख असतो. देश म्हणजे आपला मुलूख, तिथली बोली, तिथली माणसं. वेल्स देश आहे, स्कॉटलंड देश आहे, ते याच जुन्या अर्थाने. दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यासारखं नातं मात्र इथे शोधू नका. आपली राज्यं एका राज्यघटनेखाली आहेत, कुणाला काय अधिकार याच्या याद्या त्यात दिल्या आहेत. ब्रिटनमध्ये अशी एका ग्रंथात लिहिलेली घटनाच नाही. चौघं वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या वाटांनी एकत्र आले. कोण जिंकला गेला, कोणी करार केला, कोणाच्या जमिनीवर परकी वस्ती बसवली गेली, यावर त्याचं आजचं स्थान ठरलं. या देशातली आजची जवळजवळ सगळी भांडणं तिथूनच निघतात.

आता जमीन बघू, कारण इतिहासाच्या आधी तिने बरंच ठरवून टाकलं होतं. चौघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. सर्वांत उंच शिखर स्कॉटलंडमधलं बेन नेविस, १३४५ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून तीनशे मीटर उंच. उंची कमी असली तरी ते डोंगर थंड, ओले आणि वाऱ्याचे. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगरांवर रिकामे होतात. वेल्सच्या उत्तरेकडच्या डोंगरांत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, लंडनला जेमतेम ६०० च्या आसपास. दक्षिण-पूर्वेला सपाट, सुपीक, शेतीची जमीन. युरोपची मुख्य भूमी तिथून समुद्रापार अवघी ३३-३४ किलोमीटर. जो कुणी बाहेरून आला, तो या सपाटीवर भरभर पसरला आणि डोंगराशी येऊन अडला.

रोमन इ. स. ४३ मध्ये आले आणि जवळजवळ पावणेचारशे वर्षं राहिले. उत्तरेचे डोंगर त्यांना पुरते कधीच जिंकता आले नाहीत. इ. स. १२२ मध्ये सम्राट हेड्रियनने किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सुमारे ११७ किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. ही भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा, असा समज फार पसरलेला आहे. ती पूर्णपणे आजच्या इंग्लंडमध्ये आहे. खरी सीमा तिच्या उत्तरेला. जमिनीखालची गोष्ट तर आणखी जुनी. स्कॉटलंड आणि इंग्लंड हे मुळात दोन वेगळ्या खंडांचे तुकडे. त्यांच्यामध्ये आयापेटस नावाचा महासागर होता. तो मिटत मिटत सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी हे दोन तुकडे एकमेकांना भिडले, आणि तो सांधा आजच्या सीमेच्या जवळपासच आहे. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

रोमन गेल्यावर समुद्रापलीकडून अँगल आणि सॅक्सन टोळ्या आल्या. अँगल लोकांवरून 'इंग्लंड' हे नाव पडलं. आधीचे ब्रिटन लोक पश्चिमेच्या डोंगरांत टिकून राहिले. नवागतांनी त्यांना जे नाव दिलं, त्याचा अर्थ 'परके', आणि त्यावरूनच 'वेल्श' शब्द आला. आपल्याच भूमीत परके ठरलेले हे लोक स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी 'एका मुलखातले सोबती' असा अर्थ आहे.

सर्वांत आधी वेल्स गेला, आणि तो तलवारीने गेला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याशी लढताना १२८२ च्या डिसेंबरात तिथला राजा ल्यूएलिन मारला गेला. एडवर्डने मग उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावर कार्नारव्हन, कॉन्वी, हार्लेक असे किल्ले बांधले. आज तिथे पर्यटक फोटो काढतात. बांधले होते वेल्श लोकांवर वचक ठेवायला. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स थेट इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. म्हणूनच यूकेच्या झेंड्यात वेल्सचं काहीच नाही. १६०६ मध्ये इंग्लंडचा लाल क्रॉस आणि स्कॉटलंडचा तिरका पांढरा क्रॉस एकत्र केला, १८०१ मध्ये आयर्लंडसाठी तिरका लाल पट्टा आला. वेल्सचा लाल ड्रॅगन त्यात नाही, कारण तोवर वेल्स इंग्लंडचाच भाग धरला जात होता.

भाषा मात्र टिकली. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गनने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं आणि दर रविवारी चर्चमध्ये चांगली, घडीव वेल्श कानांवर पडत राहिली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत एक लाकडी पट्टी असे. वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात ती अडकवायची. दुसरं कुणी वेल्श बोललं की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याला शिक्षा. आपल्याकडे काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी बोललं की दंड घेतात. ज्यांच्या मुलांनी तो भरलाय, त्यांना या पट्टीचं वजन वेगळं सांगायला नको.

वेल्सबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती त्रवेरिनची ठेवा. उत्तर वेल्सच्या या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं छोटं गाव होतं. काही घरं आणि शेतं, एक शाळा, एक पोस्ट, एक चॅपेल, आणि सगळा व्यवहार वेल्श भाषेत. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. पाऊस डोंगरात पडतो आणि माणसं सपाटीवर राहतात, हे वर आलंच आहे. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने धरणाचा कायदा केला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी कायदा मंजूर झाला, कारण इंग्लंडचे खासदार कितीतरी पटीने जास्त. १९६५ मध्ये खोरं पाण्याखाली गेलं. त्याआधी स्मशानातले काही मृतदेह नातेवाइकांनी दुसरीकडे हलवले. बाकीच्या थडग्यांवर काँक्रीट ओतलं गेलं. पश्चिम किनाऱ्याजवळ एका पडक्या भिंतीवर लाल रंग देऊन त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: 'त्रवेरिन विसरू नका.' ते पुसलं जातं, भिंत मोडली जाते, लोक पुन्हा बांधून पुन्हा लिहितात. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने २००५ मध्ये माफी मागितली. मुळशी आणि कोयना ज्यांना घरातून माहीत आहे, त्यांनी हे वाचताना आपल्या आजोळच्या बुडालेल्या देवळाची आठवण काढली, तर त्यात काही चुकीचं नाही.

या धरणानंतर वेल्समध्ये स्वतःच्या विधिमंडळाची मागणी जोर धरू लागली. १९९७ च्या सार्वमतात ती मंजूर झाली, अवघ्या ६,७२१ मतांनी. आता कार्डिफला त्यांचं विधिमंडळ आहे, नाव 'सेनेथ'. रस्त्यावर 'हळू' या अर्थाचा इंग्रजी शब्द रंगवतात, त्याच्या जोडीला 'अराव्ह' हा वेल्श शब्दही असतो. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे शंभरात अठराच्या आसपास.

स्कॉटलंडची कहाणी पार वेगळी. त्यालाही एडवर्डने जिंकायचा प्रयत्न केला, पण १३१४ मध्ये बॅनकबर्नला रॉबर्ट ब्रूसने इंग्रजी सैन्याचा पराभव केला. पुढे जे झालं ते वारसाहक्काने. १६०३ मध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि नात्याने गादी गेली स्कॉटलंडच्या राजाकडे, सहाव्या जेम्सकडे. म्हणजे स्कॉटिश राजा लंडनला जाऊन बसला. तरी राज्यं दोनच राहिली, संसदा दोन, कायदे दोन, फक्त राजा एक. असं शंभर वर्षं चाललं.

मग पैशाचा प्रश्न आला. १६९८ मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या अरुंद पट्टीवर, डारिएन इथे, स्वतःची वसाहत वसवायला घेतली. सरदारांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी त्यात पैसे घातले. ताप, उपासमार आणि स्पॅनिश वेढा यांत वसाहत दोन वर्षांत बुडाली. आसपासच्या इंग्लिश वसाहतींना मदत करायची मनाई होती. देशातल्या खेळत्या पैशाचा मोठा हिस्सा त्यात गेला. १७०७ मध्ये दोन्ही संसदांनी एकीकरणाचा कायदा केला. त्यात इंग्लंडने ३,९८,०८५ पौंड द्यायचं ठरलं आणि त्यातला काही पैसा डारिएनच्या बुडालेल्या भागधारकांना मिळाला. एडिंबराच्या रस्त्यांवर याविरुद्ध दंगे झाले. पण स्कॉटलंड करार करून आत आला, आणि करारात त्याने तीन गोष्टी हातच्या सोडल्या नाहीत: आपला कायदा, आपलं चर्च, आपलं शिक्षण.

ते तिन्ही अजून आहेत. स्कॉटलंडच्या फौजदारी खटल्यात ज्युरीत १५ माणसं बसतात, इंग्लंडमध्ये १२. इंग्लंडमध्ये पदवी साधारण तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची. इतकंच काय, पौंड एकच असला तरी स्कॉटलंडच्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. अशी नोट लंडनच्या दुकानात काढली, की गल्ल्यावरची मुलगी ती उजेडात धरते, उलटीपालटी करून बघते आणि आत जाऊन कुणाला तरी विचारून येते. नोट खरी असते, किंमतही तितकीच असते.

उत्तरेच्या डोंगरी भागाला, हायलँडला, एकीकरणाची वेगळी किंमत मोजावी लागली. १७४५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी तिथल्या अनेक घराण्यांनी उठाव केला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर ती फौज तासाभरात चिरडली गेली. नंतर हायलँड पोशाखावर बंदी आली, ती उठली १७८२ मध्ये. सवलत होती ती फक्त सरकारी फौजेत भरती होणाऱ्यांना. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावायला सुरुवात केली. पोटाला आधार उरला पलटणीचा. ७४वी पलटण उभी राहिली १७८७ मध्ये, ७८वी १७९३ मध्ये. त्याच पुढे असईला आल्या. कलोडनला हरलेल्यांच्या नातवंडांनी आपल्या मुलखात येऊन शिंद्यांच्या तोफखान्यावर चाल केली, आणि ७४व्या पलटणीची त्या दिवशी जवळजवळ वाताहत झाली. साम्राज्याने स्कॉटिश लोकांना भरपूर दिलं, हे खरं आहे आणि त्यांच्याकडून झालेले अन्यायही खरे आहेत. पण असईचा विचार करताना मला दोन्ही बाजूंना गावाकडची, पोटासाठी निघालेली पोरं दिसतात.

२०१४ मध्ये स्कॉटलंडने स्वतंत्र व्हायचं का, यावर मतदान घेतलं. १६ वर्षांच्या मुलांनाही मत होतं. राहूया म्हणणारे ५५.३ टक्के, निघूया म्हणणारे ४४.७. दोन वर्षांनी युरोपीय संघ सोडायचा की नाही याचं सार्वमत झालं, तेव्हा स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी संघात राहायचं म्हटलं. संपूर्ण यूकेचा कौल सोडण्याचा आला, म्हणून त्यांनाही निघावं लागलं. तो वाद अजून जिवंत आहे.

इथे इंग्लंडबद्दल थोडं. लोकसंख्येत तो शंभरात चौऱ्याऐंशी. लंडनच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा. त्यात स्कॉटलंडच्या ५७, वेल्सच्या ३२, उत्तर आयर्लंडच्या १८ आणि एकट्या इंग्लंडच्या ५४३. आपल्या लोकसभेत जितके खासदार निवडून जातात, नेमके तितके. तरी चौघांत स्वतःचं वेगळं विधिमंडळ नसलेला तोच एक. इंग्लंडच्या शाळांविषयीच्या कायद्यावर स्कॉटलंडचा खासदार लंडनमध्ये मत देऊ शकतो, पण स्कॉटलंडच्या शाळांचा विषय एडिंबराला ठरतो, तिथे इंग्लंडच्या खासदाराला तोंड उघडता येत नाही. १९७७ मध्ये टॅम डॅलिएल या स्कॉटिश खासदाराने हा प्रश्न विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर अजून सापडलेलं नाही.

खेळात तर प्रत्येकाचं गणित निराळं. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना १८७२ मध्ये ग्लासगोला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, तोही एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर. गोलशून्य बरोबरीत सुटला. फुटबॉलला चार संघ, ऑलिंपिकला एक, राष्ट्रकुल स्पर्धांत पुन्हा वेगळे. आपण ज्याला 'इंग्लंड' म्हणून क्रिकेटमध्ये ओळखतो, तो संघ इंग्लंड आणि वेल्स या दोघांचा आहे. म्हणूनच कार्डिफचं मैदान वेल्समध्ये असूनही इंग्लंडचं घरचं मैदान असतं. आणि आयर्लंडचा क्रिकेट संघ? तो सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच.

ती सीमा म्हणजे या सगळ्यातला सर्वांत दुखरा भाग. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधला समुद्र एका जागी जेमतेम २० किलोमीटर रुंद आहे. १६०९ पासून लंडनच्या राजाने आयर्लंडच्या उत्तरेकडच्या, अल्स्टरच्या, जमिनी कॅथलिक आयरिश मालकांकडून काढून स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून आणलेल्या प्रोटेस्टंट लोकांना दिल्या. बाकीच्या आयर्लंडमध्ये मालक बाहेरचे आणि कसणारे आयरिश. अल्स्टरमध्ये मात्र कसणारेही मोठ्या संख्येने बाहेरचे. १८०१ मध्ये अख्खा आयर्लंड यूकेत सामील केला गेला. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं तेच एक अन्न होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि गुरं बाहेर जात होती.

आपला कारभार आपल्या हाती हवा, या मागणीला आयरिश लोकांनी 'होमरूल' असं नाव दिलं. तो शब्द आपल्याला नवा नाही. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तिचं नाव आणि कल्पना आयर्लंडमधूनच आली होती. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरच्या सुट्टीत सशस्त्र उठाव झाला. पुढे युद्ध झालं, आणि १९२१ मध्ये फाळणी. अल्स्टरमध्ये नऊ परगणे. नऊच्या नऊ घेतले तर प्रोटेस्टंट बहुमत डळमळीत होत होतं, म्हणून सहाच घेतले आणि त्याला उत्तर आयर्लंड म्हटलं. वगळलेल्या तिघांत डोनेगल होता. नकाशा उघडून बघा: आयर्लंडचं सर्वांत उत्तरेचं टोक डोनेगलमध्ये आहे, म्हणजे लोक ज्याला 'दक्षिण' म्हणतात त्या देशात.

त्या सहा परगण्यांत कॅथलिकांना घरं, नोकऱ्या, मतदारसंघ या सगळ्यात डावललं गेलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी पेटलेला संघर्ष तीस वर्षं चालला आणि त्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मध्ये बांधलेल्या उंच भिंती अजून उभ्या आहेत. १० एप्रिल १९९८ च्या करारात ठरलं की इथल्या माणसाने स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं, किंवा दोन्ही. पासपोर्टही तसाच घ्यावा. आणि बहुमताने कधी वाटलं, तर आयर्लंडशी एक व्हावं. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. तो तुकडा जे बहुमत राखण्यासाठी कापला होता, ते शंभर वर्षांत संपलं.

दोन्ही देशांमधली ही सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची आहे. शेतांतून, ओढ्यांतून जाते. संघर्षाच्या काळात तिथे सैन्याचे टेहळणी मनोरे होते आणि लहान रस्ते खड्डे पाडून बंद केलेले होते. आज डेरी शहरातून डोनेगलच्या दिशेने निघालात, तर कुणी थांबवत नाही, पासपोर्ट मागत नाही. तीच गवताची कुरणं, तोच पाऊस. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याकडेच्या वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा एकदम वाढलेला दिसतो. मागे तो मैलांत होता, आता किलोमीटरमध्ये आहे.